सीएसव्ही पार्स करताना अवतरणचिन्हं कशी हाताळायची

सीएसव्ही म्हणजे कॉमाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. अशा फाइलमधल्या मालाच्या यादीतली ही एक ओळ बघा:

१०१,"बादली, झाकणासह",४,"१,२५०"

माणसाला यात चार रकाने दिसतात: क्रमांक, वस्तू, नग आणि रक्कम. हीच ओळ कॉमावर स्प्लिट केली तर सहा तुकडे पडतात, आणि रकमेच्या, म्हणजे चौथ्या जागी नगांचा ४ येतो. आपल्याकडे हजार-लाखांचे कॉमे रकमेत लिहायची पद्धत आहे, पत्त्यातही दर दोन शब्दांनी कॉमा असतो. त्यामुळे मराठी किंवा भारतीय डेटावर स्प्लिटचं हे दुखणं पहिल्या दहा ओळींतच वर येतं. स्प्लिट करून मग तुकडे पुन्हा जोडायचे, कडेचे कोट ट्रिमने काढायचे, असले उपाय करू नका. त्यांतला प्रत्येक उपाय पुढच्या कुठल्यातरी ओळीवर मोडतो.

कारण साधं आहे. डबल कोट (", युनिकोड क्रमांक यू+००२२) हे एकच चिन्ह इथे तीन कामं करतं: रकाना उघडतं, रकाना बंद करतं आणि कधी कधी स्वतःच डेटा असतं. त्या क्षणी ते कुठलं काम करतंय हे चिन्हाकडे बघून कळत नाही. पार्सर (फाइल वाचून रकाने वेगळे करणारा कोड) त्या वेळी कुठे उभा आहे, रकान्याच्या सुरुवातीला की कोटाच्या आत, यावरून कळतं. म्हणून फाइल एकेक अक्षर वाचायची आणि 'आपण आत्ता कुठे आहोत' हे लक्षात ठेवत पुढे जायचं. बाकी सगळं यातूनच निघतं.

आधी नियम

सीएसव्हीची रीत अनेक वर्षं नुसती चालत आलेली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने ती लिहून काढली. ते सक्तीचं मानक नाही, माहितीपर दस्तऐवज आहे, पण नवा कोड लिहिताना तोच पाया धरावा. त्यातला आपल्या कामाचा भाग असा: रकान्यात कॉमा, डबल कोट किंवा नवी ओळ असेल तर तो अख्खा रकाना डबल कोटांत घालायचा, आणि आतला प्रत्येक डबल कोट दोनदा लिहायचा. मोकळी जागा ही रकान्याचाच भाग, ती आपण होऊन गाळायची नाही.

इंचाची खूण हे याचं नेहमीचं उदाहरण:

१०२,"मॉनिटर २१.५"" काळा",२,"९,४००"

इथे दुसऱ्या रकान्याची खरी किंमत मॉनिटर २१.५" काळा अशी आहे. खूण रकान्याच्या शेवटी आली की सलग तीन कोट दिसतात: "पाइप ३""" म्हणजे पाइप ३". त्यातले पहिले दोन मिळून एक इंच, तिसरा बंद करणारा. "" म्हणजे रिकामा रकाना. """" म्हणजे ज्यात फक्त एक डबल कोट आहे असा रकाना. हे चार नमुने कागदावर हाताने सोडवून बघा, पुढचा भाग सोपा जाईल.

चार स्थितींचा पार्सर

पार्सरला चार स्थिती पुरतात. शिवाय दोन गोष्टी हाताशी हव्यात: चालू रकान्याचा बफर (आतापर्यंत जमलेली अक्षरं) आणि चालू रेकॉर्डची (एका पूर्ण नोंदीच्या रकान्यांची) यादी.

पहिली स्थिती, रकान्याची सुरुवात. इथे डबल कोट आला तर तो बफरमध्ये टाकायचा नाही, 'कोटाच्या आत' या स्थितीत जायचं, आणि हा रकाना कोटात होता अशी नोंद ठेवायची (ती का, ते पुढे नलच्या, म्हणजे किंमतच नसण्याच्या, भागात येईल). कॉमा आला तर रिकामा रकाना यादीत टाकून याच स्थितीत राहायचं. ओळ संपली तर रिकामा रकाना टाकून रेकॉर्ड पूर्ण करायचं. दुसरं काहीही आलं तर ते बफरमध्ये टाकून 'साधा रकाना' या स्थितीत जायचं.

दुसरी, साधा रकाना. कॉमा आला की रकाना पूर्ण, ओळ संपली की रेकॉर्ड पूर्ण, बाकी सगळं बफरमध्ये. इथे मधेच डबल कोट आला, जसं पाइप ३" गोल, तर कडक पार्सरने चूक दाखवावी, सैल पार्सर तो साधं अक्षर म्हणून घेतो. काय करायचं ते ठरवा आणि कोडमध्ये पर्याय म्हणून उघड ठेवा. मात्र या स्थितीतला कोट 'उघडणारा' कधीच मानू नका. कोट फक्त रकान्याच्या पहिल्या अक्षराच्या जागीच उघडतो.

तिसरी, कोटाच्या आत. इथे फक्त डबल कोट खास आहे. तो दिसला की चौथ्या स्थितीत जायचं. कॉमा, टॅब, नवी ओळ, जे येईल ते जसंच्या तसं बफरमध्ये. याच स्थितीत फाइल संपली तर कोट बंद झालेला नाही. ही नेहमी चूकच, इथे सैलपणा नको.

चौथी, कोटाच्या आत कोट दिसला. हा बंद करणारा आहे की जोडीतला पहिला, हे अजून ठरलेलं नाही. पुढचं अक्षर पुन्हा डबल कोट असेल तर बफरमध्ये एकच कोट टाकून तिसऱ्या स्थितीत परत. कॉमा असेल तर रकाना पूर्ण. ओळ किंवा फाइल संपली तर रेकॉर्ड पूर्ण. दुसरं काहीही, अगदी मोकळी जागासुद्धा, आली तर चूक.

"पाइप ३""",५ ही ओळ यातून चालवून बघा. पहिला कोट आत नेतो. 'पाइप ३' बफरमध्ये जातं. पुढचा कोट चौथ्या स्थितीत नेतो, त्यापुढचा कोट बफरमध्ये एक " टाकून परत आत आणतो. मग आणखी एक कोट, पुन्हा चौथी स्थिती, आणि आता कॉमा: रकाना पूर्ण. कुठेही पुढचं अक्षर डोकावून बघावं लागलं नाही.

हे डोकावणं टाळण्यामागे पक्कं कारण आहे. बरेच जण 'हा कोट आहे आणि पुढचाही कोट आहे का' अशी तपासणी इंडेक्समध्ये एक मिळवून करतात. लहान फाइलवर ती चालते. मोठी फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत वाचताना जोडीतला एक कोट एका तुकड्याच्या शेवटी आणि दुसरा पुढच्याच्या सुरुवातीला आला की कोट चुकीचा बंद होतो. मग चूक फक्त काही फाइल्सवर आणि फक्त काही ओळींवर दिसते. शोधायला अतिशय त्रासाची. स्थिती तुकड्यांपलीकडे टिकवली की हा प्रश्नच उरत नाही. विंडोजवर ओळ संपवणाऱ्या सीआर-एलएफ या दोन अदृश्य अक्षरांच्या जोडीचंही तसंच: सीआरवर रेकॉर्ड संपवा, 'मागचं अक्षर सीआर होतं' हे लक्षात ठेवा, आणि लगेच एलएफ आला तर तो गिळा. कोटाच्या आत मात्र दोन्ही अक्षरं राखा.

फाइलच्या शेवटी आणखी दोन गोष्टी. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ असेल तर त्यातून एक भुताटकी रेकॉर्ड तयार होता कामा नये: पहिली स्थिती, रेकॉर्डची यादी रिकामी, म्हणजे काही करायचं नाही. पण फाइल कॉमावर संपली असेल, तर यादीत आधीच काहीतरी आहे. तिथे शेवटचा रिकामा रकाना टाकायलाच हवा. हा शेवटचा रकाना हरवणं ही हाताने लिहिलेल्या पार्सरमधली फार नेहमीची चूक आहे.

आधी ओळी, मग रकाने: हा क्रम चुकीचा

फाइल ओळीओळीने वाचायची आणि प्रत्येक ओळ पार्सरला द्यायची, असं लिहिलं की कोटातल्या नव्या ओळीवर सगळं तुटतं. पत्ता तीन ओळींत टाइप केलेला असेल तर एका रेकॉर्डच्या फाइलमध्ये तीन ओळी होतात, आणि ते पूर्णपणे वैध आहे. रेकॉर्ड कुठे संपतं हे फक्त पार्सर सांगू शकतो.

ओळीओळीनेच वाचणं भाग असेल, तर कोट मोजा. नियम पाळणाऱ्या फाइलमध्ये पूर्ण रेकॉर्डमधल्या डबल कोटांची संख्या नेहमी सम असते, कारण उघडणारा-बंद करणारा ही जोडी आणि आतले कोटही जोडीनेच. संख्या विषम आली तर पुढची ओळ जोडा आणि पुन्हा मोजा. कोटाशिवायच्या रकान्यात सुटा इंच असेल तर मात्र ही युक्ती फसते.

समांतर प्रक्रिया करणाऱ्या साधनांनाही हीच अडचण येते. स्पार्कमध्ये 'मल्टिलाइन' हा पर्याय मुळात बंद असतो. कोटात नवी ओळ असलेली फाइल वाचायची तर तो चालू करावा लागतो, आणि मग एकच फाइल अनेक तुकड्यांत वाटून वाचता येत नाही.

बॅकस्लॅशची दुसरी बोली

सगळ्या फाइल्स कोट दुप्पट करत नाहीत. काही ठिकाणी कोटापुढे बॅकस्लॅश लावतात. एका फाइलमध्ये कुठली बोली आहे हे ठरवल्याशिवाय वाचायला बसू नका, कारण ही ओळ दोन्हीकडे वेगळी वाचली जाते:

"डी:\माल\","पुणे"

आरएफसीच्या रीतीने हे दोन रकाने आहेत, पहिला विंडोजचा पथ. बॅकस्लॅशच्या रीतीने पहिल्या रकान्यातला शेवटचा कोट डेटा ठरतो, रकाना तिथे बंद होत नाही आणि पुढचा मजकूरही त्यात ओढला जातो. विंडोजचे पथ असलेल्या फाइल्स म्हणूनच मुद्दाम तपासाव्यात.

साधनांच्या मूळ सेटिंगमध्येही एकमत नाही. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल कोट दुप्पट धरतं, बॅकस्लॅश नाही. मायएसक्यूएलचं 'इन्टू आउटफाइल' मुळात बॅकस्लॅश वापरतं आणि नलसाठी \ च्या पुढे मोठ्या लिपीतला एन लिहितं. स्पार्कचं मूळ एस्केप चिन्ह (पुढचं अक्षर डेटा आहे हे सांगणारं चिन्ह) बॅकस्लॅश आहे. आरएफसीची फाइल असेल तर तिथे डबल कोट द्यावा लागतो. जावातल्या ओपनसीएसव्हीचा नेहमीचा पार्सर बॅकस्लॅश मानतो आणि आरएफसीसाठी वेगळा पार्सर देतो. पीएचपीच्या फंक्शनमध्येही मूळ एस्केप बॅकस्लॅश आहे, पीएचपी ७.४ पासून तिथे रिकामी स्ट्रिंग देऊन तो बंद करता येतो, आणि तसं स्पष्ट द्यावंच. पोस्टग्रे डेटाबेसच्या कॉपी आज्ञेत सीएसव्ही प्रकार घेतला की एस्केप म्हणजे कोटच.

बॅकस्लॅशची बोली स्वतः सोडवत असाल तर दोन रिप्लेस एकामागून एक चालवू नका. \\ चं \ केलं आणि मग \" चं " केलं, तर बॅकस्लॅशवर संपणाऱ्या रकान्यातला तो शेवटचा बॅकस्लॅशच नाहीसा होतो. एकाच फेरीत, डावीकडून उजवीकडे, बॅकस्लॅश दिसला की पुढचं अक्षर उचला. दुप्पट कोटांनाही हाच न्याय: फाइल स्प्लिट करण्याआधी सगळीकडे "" चं " करणं म्हणजे रिकामे रकाने आणि इंच एकत्र कालवणं.

टॅबने विभागलेल्या फाइल्समध्ये तर पुष्कळदा कोटाला काहीच अर्थ नसतो. तिथे कोट हाताळणं पूर्ण बंद करा. नाहीतर रकान्याच्या सुरुवातीला आलेला एखादा सुटा कोट पुढच्या शेकडो ओळी एका रकान्यात गिळतो, आणि चूकही दिसत नाही, कारण पुढे कुठेतरी दुसरा सुटा कोट येऊन तो बंद करतो.

कोट दिसतोय, पण पार्सरला दिसत नाही

कॉमानंतर मोकळी जागा सोडून कोट: १०१, "बादली, झाकणासह". रकान्याचं पहिलं अक्षर मोकळी जागा आहे, म्हणून रकाना साधा ठरतो आणि आतला कॉमा तो तोडतो. पायथनमध्ये 'स्किपइनिशियलस्पेस' चालू करा. स्वतःच्या पार्सरमध्ये पहिल्या स्थितीत मोकळी जागा गाळायचा पर्याय ठेवा.

बीओएम, म्हणजे फाइलचं एन्कोडिंग सांगणारी सुरुवातीची खूण. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही काढली की सुरुवातीला तिचे तीन बाइट येतात. ते न काढता वाचलं तर फाइलचं पहिलं अक्षर कोट नसून यू+एफईएफएफ असतं. पहिल्या शीर्षकाला कोट असतील तर ते कोट डेटा होऊन नावाला चिकटतात आणि 'क्रमांक' नावाचा रकाना सापडत नाही अशी तक्रार येते. बीओएम पार्सरच्या आधी काढा; पायथनमध्ये 'यूटीएफ-८-सिग' हे एन्कोडिंग ते काम करतं.

वळणदार कोट “ ” (यू+२०१सी आणि यू+२०१डी). वर्डमध्ये ऑटोकरेक्ट हे आपोआप घालतं आणि तिथून मजकूर फाइलमध्ये येतो. पार्सरसाठी ही साधी अक्षरं आहेत आणि तसंच असायला हवं. मराठी मजकुरात ती खऱ्या अवतरणासाठी असतात, म्हणून सरसकट बदलून सरळ कोट करू नका. तसं केलंत तर चांगल्या रकान्यांत न दुप्पट केलेले कोट घुसवाल. फक्त रकान्याच्या दोन्ही टोकांना, विभाजकाला लागून असतील, तरच ते कोणीतरी चुकून लावलेले आहेत अशी शंका घ्या.

आणि देवनागरीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: यूटीएफ-१६, म्हणजे देवनागरीचं प्रत्येक अक्षर दोन बाइटांत साठवणारं एन्कोडिंग. एक्सेलमधला 'युनिकोड टेक्स्ट' हा प्रकार टॅबने विभागलेला यूटीएफ-१६ देतो. ही फाइल बाइटबाइटने पार्स केली तर काय होतं ते बघा. ढ हे यू+०९२२, त्याचा खालचा बाइट २२ म्हणजे डबल कोट. ब हे यू+०९२सी, खालचा बाइट २सी म्हणजे कॉमा. ऊ हे यू+०९०ए, म्हणजे नवी ओळ. शिवाय जवळजवळ प्रत्येक देवनागरी अक्षराचा वरचा बाइट ०९, म्हणजे टॅब. इंग्रजी डेटावर 'चालणारा' पार्सर मराठी फाइलवर अक्षराअक्षराला का तुटतो, त्याचं हे उत्तर. आधी डीकोड करा, मग अक्षरं पार्स करा. यूटीएफ-८ मध्ये हा धोका नाही: देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट ८० हेक्स किंवा त्याहून वरचे असतात, त्यामुळे वेगासाठी यूटीएफ-८ बाइटवर थेट पार्सर चालवला तरी कोट आणि कॉमा फसवत नाहीत.

रिकामं आणि नल

,, आणि ,"", यांतून दोन्हीकडे रिकामी स्ट्रिंगच मिळते, पण पोस्टग्रे त्यांत फरक करतं: कोटाशिवाय रिकामं म्हणजे नल, कोटात रिकामं म्हणजे रिकामी स्ट्रिंग. तुमची फाइल पुढे तिथे जाणार असेल तर 'हा रकाना कोटात होता' ही नोंद पार्सरमध्ये जपा. पायथनचा नेहमीचा रीडर हा फरक फेकून देतो.

कोट म्हणजे 'हा मजकूर आहे' असंही नव्हे. "००४५१२" असा खातेक्रमांक कोटात दिला तरी एक्सेल फाइल थेट उघडताना तो आकडा समजून पुढची शून्यं उडवतं. आयात करताना रकान्याचा प्रकार मजकूर निवडणं हा त्यावरचा उपाय.

बंद न झालेला कोट कसा शोधायचा

लक्षणं ठरलेली: दहा हजार ओळींच्या फाइलमधून सहा हजारच रेकॉर्ड येतात, किंवा एक रकाना अवाढव्य होतो. पायथन अशा वेळी रकाना १,३१,०७२ या मर्यादेपेक्षा मोठा असल्याची चूक देतो. ती मर्यादा वाढवून पुढे जाऊ नका, तुमच्याकडे तेवढा मोठा मजकूर खरोखर आहे याची खात्री असल्याशिवाय. बहुतेक वेळा वर कुठेतरी कोट उघडा राहिलेला असतो.

पार्सरमध्ये कोट उघडल्याचा ओळ क्रमांक साठवा आणि चुकीत तोच सांगा. 'फाइलच्या शेवटी चूक' या निरोपाचा कोणाला उपयोग नाही. हाताशी फक्त फाइल असेल तर प्रत्येक ओळीतले डबल कोट मोजा आणि विषम संख्येच्या ओळी छापा. खरे बहुओळी रकाने जवळजवळच्या जोड्यांत दिसतील. जिची जोडीदार ओळ फार दूर आहे किंवा नाहीच, ती ओळ उघडून बघा.

पाठवणाऱ्याने "मॉनिटर २१.५" काळा" असं न दुप्पट करता दिलं असेल, तर पहिला उपाय त्याला निर्यात दुरुस्त करायला सांगणं. ते शक्य नसेल तर दुरुस्तीचा एक अंदाज चालतो: ज्याच्या मागे विभाजक किंवा ओळीची सुरुवात आहे तो उघडणारा, ज्याच्या पुढे विभाजक किंवा ओळीचा शेवट आहे तो बंद करणारा, उरलेले सगळे दुप्पट करा. "पाइप ३", गोल" अशा ओळीवर हा अंदाज हरतो, कारण डेटामध्येच कोटापुढे कॉमा आहे. म्हणून दुरुस्तीनंतर प्रत्येक रेकॉर्डमधले रकाने मोजा आणि संख्या जुळत नाही ती ओळ मूळ रूपात वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. गुपचूप टाकून देऊ नका.

तयार लायब्ररी आणि लिहिण्याची बाजू

लायब्ररी उपलब्ध असेल तर तीच वापरा; वरचं सगळं तिचे पर्याय नीट निवडता यावेत म्हणून. पायथनमध्ये फाइल उघडताना 'न्यूलाइन'ला रिकामी स्ट्रिंग द्या. ती दिली नाही तर कोटातली सीआर-एलएफ वाचतानाच बदलून एलएफ होते, आणि विंडोजवर लिहिताना प्रत्येक ओळीला एक जादा सीआर लागतो, एक्सेलमध्ये एकाआड एक ओळ रिकामी दिसते. 'स्ट्रिक्ट' हा कडक तपासणीचा पर्याय मुळात बंद असतो. बंद असताना "अ"ब हे निमूटपणे अब होतं. आयातीच्या कोडमध्ये तो चालू करा. गो भाषेचं पॅकेज मुळातच कडक आहे, तिथे 'लेझीकोट्स' गरज पडली तरच. कमांड लाइनवर कट हे साधन कोट जाणत नाही. जीएनयू ऑकमध्ये ५.३ आवृत्तीपासून सीएसव्हीचा वेगळा पर्याय आहे.

लिहिताना: रकान्यात विभाजक, डबल कोट, सीआर किंवा एलएफ असेल तर आधी आतले कोट दुप्पट करा, मग बाहेरचे लावा. कडेला मोकळी जागा असेल तरीही कोट लावणं शहाणपणाचं. फाइलला एकच रकाना असेल आणि तो रिकामा असेल तर "" लिहा. नाहीतर ती रिकामी ओळ समजून वगळली जाते. समोरचं साधन माहीत नसेल तर सगळेच रकाने कोटात घाला. फाइल थोडी फुगते, पण वाचणाऱ्याचे बरेच प्रश्न मिटतात.

चाचणीसाठी या किमती एका रेकॉर्डमध्ये घाला: रिकामं, एकच कोट, दोन कोट, नुसता कॉमा, नुसती नवी ओळ, सीआर-एलएफ, शेवटी बॅकस्लॅश, सुरुवातीला मोकळी जागा, ढब्बू आणि ऊस हे शब्द, १,२५,००० ही रक्कम, शेवटचा रकाना पुन्हा रिकामा. लिहा, वाचा आणि किमती तंतोतंत जुळतात का पाहा. फाइलचे बाइट जुळवू नका, कारण कुठे कोट लावायचा याची मुभा प्रत्येक रायटरला असते. मग हेच वाचन एकेका बाइटच्या तुकड्याने करून बघा. चौथी स्थिती कुठे हरवत असेल तर ती इथे सापडेल.